माझं काम चिखल अडवायचं

खरं सांगू का, हे मी सांगणारच नव्हतो. कुणाला सांगायचं? आणि ऐकतंय कोण? फळीनं बोलायचं नसतं, चिखल खायचा असतो, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण परवा बेळगाव स्टेशनासमोर टांगा स्टँडवर जे झालं, त्यानंतर गप्प बसवेना.

निपाणीचे एक तंबाखूवाले शेठजी गाडीतून उतरले. अंगाला तंबाखूचा वास, डोक्याला नवी कोरी पांढरी टोपी. यंदा सगळ्यांनीच पांढऱ्या टोप्या घेतल्यात. टांग्यात चढताना त्यांनी बुटाची टाच माझ्यावर रोवली आणि विचारलं, "ही भोकाभोकाची फळी कसली रं, तम्मण्णा?"

"डॅशबोर्ड हाय, शेठ."

शेठजी पोट धरून हसले. "घोडीला डॅशबोर्ड! अरं, डॅशबोर्ड मोटारीला असतोय. हिच्या पोटात पेट्रोल किती ऱ्हायलं ते बघतोस व्हय ह्यात?"

स्टँडवरचे सगळे टांगेवाले हसले. तम्मण्णा पण हसला. त्याचं बरं आहे, तो कशालाही हसतो. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. मोटार या गावात आली त्याच्या कितीतरी आधी मी डॅशबोर्ड होतो! नाव माझं. मोटारीनं ते उचललं आणि आता मलाच विचारतात, तू कोण?

तर मित्रांनो, मीच तो. चाळिशी उलटलेला, शिसवी लाकडाचा, अंगावर तीन जळकी भोकं असलेला डॅशबोर्ड. भोकं कशी पडली ते सांगतोच. पण आधी मी कुठून आलो ते ऐका.

जांबोटीच्या जंगलात मी झाड होतो. तिथला पाऊस तुम्ही पाहिला नसेल तर तुम्हाला सांगून उपयोग नाही. महिना महिना ऊन दिसायचं नाही. पाणी अंगावर घ्यायची सवय मला तिथंच लागली. मग कुऱ्हाड आली, बैलगाडी आली, आणि मी बेळगावच्या कॅम्पात आण्णाप्पा मिस्त्रीच्या शेडमध्ये येऊन पडलो. साल एकोणीसशे सहा-सात असेल. आण्णाप्पा बग्ग्या आणि टांगे बांधायचा. बोलताना अर्धं मराठी, अर्धं कानडी. चिडला की पूर्ण कानडी.

एका गोऱ्या साहेबाची बग्गी बांधायची होती. साहेब रोज येऊन बघायचा आणि रोज म्हणायचा, डॅशबोर्ड, डॅशबोर्ड. आण्णाप्पा मान हलवायचा. साहेब गेला की साहेबाच्या मोतद्दाराला विचारायचा, "येन रं तम्मण्णा, ह्यो डॅशबोर्ड म्हंजे काय? खायाचा का अंगात घालायचा?"

तम्मण्णा तेव्हा विशीतला होता. साहेबाच्या घोड्याला खरारा करायचा, दाणापाणी बघायचा. त्याला तरी काय माहीत! म्हणाला, "मला घोडं कळतंय, मिस्त्री. साहेबाची भाषा घोड्याला पण कळत न्हाय."

शेवटी एक दिवस साहेबाचा तोल सुटला. बोलून कुणाला कळेना, तेव्हा तो शेडबाहेर गेला, खाली वाकला, खड्ड्यातला लाल चिखल मूठभर उचलला आणि मी भिंतीला टेकून उभा होतो तिथं जोरात भिरकावला. फटाक्! "डॅश!" साहेब ओरडला. मग माझ्यावर टकटक करून म्हणाला, "बोर्ड!"

अर्धा चिखल माझ्यावर आणि उरलेला तम्मण्णाच्या धुतलेल्या पटक्यावर.

"केसरु!" आण्णाप्पा टाळी वाजवून ओरडला. "चिखल! घोड्याच्या टापेनं उडतोय त्यो चिखल! आरं, मग चिखलफळी म्हण की साहेबा, चार दिस कशाला डोकं खाल्लंस?"

साहेबसुद्धा हसला. माझं बारसं असं झालं. तोंडावर चिखल मारून. पण त्या दिवशी मला माझं काम समजलं, आणि फार चांगलं समजलं. घोडा पळतो, टापा मागं चिखल फेकतात, खडे फेकतात. मी मधे उभा राहायचं. माझ्यामागं जो बसलाय त्याच्या तोंडावर काही जाऊ द्यायचं नाही. बस्स.

साहेबाच्या बटलरकडून तम्मण्णानं नंतर आणखी काय काय ऐकलं. साहेबाच्या मुलखात म्हणे गाड्या बर्फातून ओढतात, तिथं डॅशबोर्ड बर्फ अडवतो. लहान बोटीच्या तोंडाला पण असा एक लावतात, लाटेचे शिंतोडे आत येऊ नयेत म्हणून. ऐकून मला लई बरं वाटलं. कुठं चिखल, कुठं बर्फ, कुठं समुद्र, पण सगळीकडं आमची जात एकच काम करते. येईल ते अंगावर घेते.

पाच-सहा वर्षं मी साहेबाची सेवा केली. माझ्यावर रोज तेलपाणी, रोज चकाकी. मग साहेबाची बदली झाली. बग्गीचा एक आस मोडला होता, ती तो तम्मण्णाला देऊन गेला. तम्मण्णानं आण्णाप्पाकडं नेऊन तिचा टांगा करून घेतला. चाकं नवी, छप्पर नवं. जुना मी एकटा. आण्णाप्पा म्हणाला होता नवी फळी घालू, तर तम्मण्णा म्हणाला, "हिच्यासंगं मी चिखल खाल्लाय मिस्त्री, हिला कशी टाकू?"

ती माझी खरी चांगली वर्षं. कॅम्प, शहापूर, वडगाव, कधी उचगाव, कधी कडोली. शहापूरच्या विणकरांच्या साड्यांचे गठ्ठे स्टेशनला न्यायचे असले की लोक तम्मण्णाच्याच टांग्याला हाक मारायचे. "तम्मण्णाच्या गाडीत जरीवर शिंतोडा उडत न्हाय," म्हणायचे. हे कौतुक कुणाचं होतं? माझं! पण कुणी माझ्याकडं बघून म्हणालं नाही. चला, ते एक असू दे.

दर वर्षी खंडेनवमीला मात्र माझा मान असायचा. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी आपापली हत्यारं पूजेला बसतात. विणकराचा धोटा, सुताराचं गिरमिट, शेतकऱ्याचा कोयता. तम्मण्णा घोंगडं अंथरायचा. त्यावर चाबूक, लगाम, नाल, खरारा, आणि मधोमध, टांग्यावरून काढून, मी. तम्मण्णाची बायको बायाक्का मला हळद-कुंकू लावायची, झेंडू वाहायची. पूजेला बसलेली वस्तू त्या दिवशी हलवायची नाही. काम करायचं नाही, हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उठवायची आणि सीमोल्लंघनाला जोडायची. वर्षभर चिखल खाल्ल्यावर एक दिवस फुलं. मला पुरे होतं.

आता जे सांगतो ते सांगताना अजून राग येतो.

तम्मण्णाचा मुलगा परसू. लहानपणी माझ्यावर हनुवटी टेकून घोड्याचं शेपूट बघत बसायचा. मोठा झाला तसं त्याचं टांग्यावरचं मन उडालं. मोटारीच्या मागं लागला. मारुतीराव म्हणून एकजण होते, त्यांनी बेळगाव-निपाणी मोटार सुरू करायचं ठरवलं. नुसती चाकं, इंजन आणि सांगाडा विकत आणला आणि वरचा लाकडी डबा आण्णाप्पाच्याच शेडमध्ये बांधायला घातला. छत्तीस साल असावं. मारुतीराव परसूला म्हणाले, "दसऱ्याच्या मुहूर्तावर मोटार निघाली तर तू डायवर. न्हाय निघाली तर मी कोल्हापूरचा माणूस आणतोय, त्याच्याजवळ परवाना पण हाय, टोपी पण हाय."

आणि खंडेनवमीच्या सकाळी डबा बघायला गेले तर समोरची फळी तडकलेली. ओलं लाकूड घातलं होतं, उन्हानं उललं. त्या फळीवर घड्याळ बसवायचं होतं, पेट्रोलचा काटा, तेलाचा काटा. शिवाय इंजनाची धग आत येऊ नये म्हणून चांगलं जाड, मुरलेलं लाकूड पाहिजे. सणाच्या दिवशी वखारी बंद. परसूला घाम फुटला. आणि त्याला घोंगड्यावर बसलेला मी आठवलो.

दुपारी तम्मण्णा हरणीला धुवायला तळ्यावर घेऊन गेला होता. हरणी म्हणजे आमची घोडी, तेव्हा नवीनच घेतलेली, कोवळी. बायाक्का शेजारी गेली होती. परसू आला, चप्पल काढली, मला नमस्कार केला. हो, नमस्कार केला! आणि उचललं. माझ्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं ते त्यानं उचलून परत जागेवर ठेवलं. मला अजून कळत नाही, त्या फुलाची एवढी काळजी, मग माझी का नाही?

शेडमध्ये आण्णाप्पानं मला लगेच ओळखलं. म्हातारा झाला होता तो. "परसू, कुंकू ओलं हाय रं हिच्यावरचं."

"लई अडलंय, मिस्त्री. आप्पांना सागवानी करून देतो दुसरी. तीन भोकं पाडून द्या फकस्त."

"अय्यो! माझं गिरमिट पूजेत हाय. आज मी हात लावायचा न्हाय. आन् तू पण लावू नगंस."

परसूनं ऐकलं नाही. हत्यार मिळेना म्हणून त्यानं लोखंडी नळीचा तुकडा भट्टीत लालभडक केला आणि माझ्या अंगात घुसवला. एक मोठं भोक घड्याळाचं, दोन लहान काट्यांची. धूर झाला. मला जन्माला घालणारा आण्णाप्पा तोंड फिरवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी मोटारीला झेंडूच्या माळा, ऊस, केळीचे खांब. नारळ फुटणार तेवढ्यात गर्दीतून तम्मण्णा पुढं आला. हातात काही नाही, चाबूकसुद्धा नाही.

"परसू, खाली उतर."

"आप्पा, नुसती फळी हाय. दुसरी चांगली—"

"फळी किती बी मिळत्यात. पूजेला बसलेलं उठवलंस तू. ज्या हातानं उठवलंस त्याच हातानं परत आणून बसीव. तवर माझ्या टांग्याला दुसरी फळी न्हाय, आन् माझ्या घरात तू न्हाईस."

परसूचा हात माझ्यावर होता, घामानं ओला. मला वाटलं, उतरतोय. खरंच वाटलं. तेवढ्यात मारुतीराव ओरडले, "मुहूर्त चाललाय रं! हॉर्न दे!"

परसूनं हॉर्न दिला. तम्मण्णा बाजूला झाला. आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, लोक म्हणतील तुझं तर नशीब उघडलं. टांग्यातून मोटारीत गेलास. खरंच, काय कौतुक झालं माझं! काकतीपासून निपाणीपर्यंत जो चढेल तो म्हणायचा, "डॅशबोर्ड बघ की कसा झकास हाय!" म्हणायचे मला आणि बघायचे घड्याळाकडं. एका बाजूनं इंजनाची धग, दुसऱ्या बाजूनं माणसं. कुणी माझ्यावर काडी ओढून विडी पेटवायचं. कुणी पानाचा चुना मलाच पुसायचं. मारुतीरावांनी वर देवाची तसबीर ठोकली, खाली लिंबू-मिरची. मी भिंत झालो, देव्हारा झालो, काडेपेटी झालो. आणि चिखल? एक थेंब नाही! समोर काच, खाली पत्रा. चिखल माझ्यापर्यंत येतोय कशाला? नाव तेच ठेवलं आणि काम काढून घेतलं. याच्यासारखा अपमान नाही. उद्या आणखी कशाकशाला हे नाव चिकटवतील कुणास ठाऊक. जिथं चिखलाचा पत्ता नसेल, अशा वस्तूला पण डॅशबोर्ड म्हणतील, बघा तुम्ही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. जे सोसवेना ते काचेतून दिसायचं.

मोटार स्टँडच्या समोरच, रस्त्यापलीकडं, तम्मण्णाचा टांगा उभा असायचा. समोरची जागा उघडी. त्यानं खरंच दुसरी फळी लावली नाही. पावसाळ्यात उतारूला सोडून परत यायचा तेव्हा टोपीपासून गुडघ्यापर्यंत लाल. डोळे तेवढे पांढरे दिसायचे. उतारूंसाठी त्यानं गोणपाट ठेवलं होतं. "धरा तोंडाफुडं," म्हणायचा. स्वतःसाठी तेही नाही. दोन्ही हात लगामात गुंतलेले.

"तम्मण्णा, तुझ्या गाडीत बसलं की आंघूळ फुकट बघ!"

"आंघूळ कसली, लिंपून काढतोय त्यो. चुलीगत!"

"व्हय व्हय, हसा," तम्मण्णा म्हणायचा. "माती हाय, इख न्हाय." पण साड्यांचे गठ्ठे आता त्याच्याकडं यायचे बंद झाले. जरीवर शिंतोडे कोण उडवून घेईल? ज्या गाडीचं नाव शिंतोडा न उडण्यासाठी होतं, तिच्यातच!

आणि मी समोर, कोरडा. पुसूनपुसून लख्ख. चाळीस पावलांवर माझं काम पडून होतं आणि मी दुसऱ्यांना किती वाजले ते दाखवत होतो.

परसू बघत नव्हता असं नाही. टांगा समोर आला की तो मान खाली घालून उगाच तेलाच्या काट्यावर बोट मारायचा. निपाणीत खोली घेऊन राहायचा. बायाक्का अधूनमधून स्टँडवर भाकरी बांधून आणायची. एकदा खंडेनवमीनंतर आली, मोटारीत चढून पुढं बसली आणि म्हणाली, "यंदा बी घोंगडं हातरलं म्हाताऱ्यानं. मधली जागा मोकळीच ठेवतोय. त्या मोकळ्या जागेला हळद-कुंकू लावतोय, फूल ठेवतोय. मी म्हटलं, अवं, घोंगड्याची पूजा करताय व्हय? तर म्हणतोय, जागा हाय तर वस्तू येईल."

परसू म्हणाला, "लई हट्टी हाईत आप्पा."

"आन् तू?" बायाक्का म्हणाली. "तू कुणावर गेलास, मारुतीरावांवर?"

तरी तो गेला नाही. सांगा आता, कुणाचा राग करायचा मी?

मग लढाई लागली. पेट्रोल मिळेना. कोळशाच्या धुरावर इंजन चालवायला मोटारीच्या पाठीला भट्टी बांधली. सकाळी तासभर पंखा फिरवून धूर काढायचा तेव्हा कुठं मोटार खोकत खोकत निघायची. संकेश्वरच्या अलीकडं चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. आणि इकडं टांग्यांना परत दिवस आले. तम्मण्णाच्या उघड्या टांग्यातसुद्धा लोक गोणपाट धरून बसायला लागले. मिलिटरीच्या लॉऱ्यांसाठी रस्त्यांवर नवी खडी टाकली होती, तीक्ष्ण, चुरा न झालेली. त्यावरून हरणी पळायची.

त्रेचाळीसच्या आषाढात बायाक्का स्टँडवर आली ती भाकरी न घेता. मोटारीत चढली, माझ्यासमोर बसली. पदराला लाल मातीचे हात पुसलेले होते.

"परसू, म्हाताऱ्याचा डोळा गेला रं."

उचगावच्या वाटेवर हरणीच्या टापेखालचा खडीचा टवका उडाला होता. सरळ उजव्या डोळ्यात. डॉक्टर म्हणाला, डावा वाचला तेच नशीब.

परसूचा हात आपोआप माझ्यावर आला. मी त्या हाताला काय सांगू? माझं एकच काम होतं. एकच. एक टवका अंगावर घ्यायचा. माझ्या जाड शिसवी अंगावर त्याचा ओरखडासुद्धा उठला नसता. आणि तो आला त्या वेळेला मी मोटारीत बसून तेल किती आहे ते सांगत होतो.

परसू लगेच घरी धावला. बायाक्कानं दार उघडलं, पण आतून तम्मण्णाचा आवाज आला म्हणे, "हात मोकळं असतील तर भाईरनंच जा." परसू तसाच परत आला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी कोळशाची भट्टी पण फुटली. मोटार शेडमध्ये बंद पडून राहिली. खंडेनवमीच्या सकाळी परसू पाना घेऊन आला आणि माझे स्क्रू काढायला लागला. मारुतीराव धावत आले.

"अरं, मोटारीचं तोंडच काढून न्यायला लागलास की!"

"तोंड बंद हाय तिचं, मालक. घोडी चालू हाय. ही फळी चालू गाडीला पाहिजे."

"आन् उद्या पेट्रोल आलं म्हंजे?"

"तवा पत्र्याचा बशिवा. मोटारीला पत्रा बी चालतोय." मग म्हणाला, "चुकलो मी त्या दिवशी. हॉर्न द्यायचा न्हवता."

निघालेले स्क्रू मारुतीरावांनीच हातात धरले.

घरी घोंगडं अंथरलेलं होतं. चाबूक, लगाम, नाल, खरारा. मधे मोकळी जागा, त्या जागेवर हळद-कुंकू, त्यावर एक झेंडू. मी हे बायाक्काच्या तोंडून ऐकलं होतं. पण स्वतः बघितलं तेव्हा, काय सांगू मित्रांनो. मी नसताना माझी पूजा चालली होती. मी काहीच करत नसताना.

तम्मण्णा भिंतीला टेकून बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी. "कोण हाय?"

"मी, आप्पा. हात मोकळं न्हाईत."

तम्मण्णानं हात पुढं केला. परसूनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याची बोटं माझ्यावरून फिरली. कडा चाचपल्या, कोपरे चाचपले. मग पहिल्या भोकात बोट अडकलं.

"हे काय केलंस रं?"

"घड्याळ हुतं तिथं."

"आन् ह्ये?"

"पेट्रोल किती हाय त्ये दिसायचं."

"आन् ह्ये तिसरं?"

"तेलाचा काटा."

"बरं," तम्मण्णा म्हणाला. "आन् चिखल किती हाय त्यो कुटं दिसायचा?"

परसू रडायला लागला. जाणता माणूस, मिशा असलेला. म्हातारा म्हणाला, "रडतोस काय? बसीव तिला जागेवर. अगं, हळद-कुंकू आण."

परसूनं फूल उचललं, मला ठेवलं, फूल माझ्यावर ठेवलं. ज्या हातानं उठवलं त्याच हातानं.

दसऱ्याला आम्ही निघालो. मी माझ्या जागेवर, तम्मण्णा माझ्यामागं, त्याच्या शेजारी परसू. रात्री हस्ताचा पाऊस पडून गेला होता, रस्ता राड झालेला. कॅम्पाच्या उतारावर हरणी पळायला लागली आणि फटाक्! किती वर्षांनी! लाल, गार चिखल तोंडावर. मला साहेब आठवला, आण्णाप्पा आठवला. तो तर तोवर गेला होता.

पण भोकं! पुढच्या टापेला तिन्ही भोकांतून तीन पिचकाऱ्या सुटल्या. दोन परसूच्या सदऱ्यावर आणि मोठी सरळ त्याच्या तोंडावर. मी शरमेनं मेलो. एवढ्या वर्षांनी आलो आणि काम धड जमेना.

तम्मण्णानं डावा डोळा वळवून मुलाकडं बघितलं. पोराच्या मिशांतून चिखल ओघळत होता.

"परसू," तो म्हणाला, "घड्याळात किती वाजलं रं?"

आणि दोघं हसायला लागले. इतके हसले की लगाम सैल झाला आणि हरणी रस्त्यात उभीच राहिली.

आता सगळं ठीक आहे म्हणायचं. लढाई संपली. मारुतीरावांच्या मोटारीला पत्र्याचा डॅशबोर्ड बसला, त्यावर चार काटे आहेत. परसू ती चालवतो आणि रोज रात्री बेळगावला घरी जेवायला येतो. माझ्या दोन लहान भोकांत त्यानं लाकडी गुडद्या ठोकल्या. मोठ्या भोकातली गुडदी दर पावसाळ्यात फुगते आणि निसटून पडते. परसू परत ठोकायला लागला तर तम्मण्णा म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं. तेवढा चिखल माझ्या वाटणीचा."

पण मित्रांनो, एक डोळा गेला तो गेलाच. त्याला कुठली गुडदी नाही. शेठजी हसले तेव्हा मला हे सगळं ओरडून सांगायचं होतं. एखादी वस्तू उचलून दुसरीकडं लावायची तर खुशाल लावा. नवं नाव द्या, जुनंच ठेवा. पण तिच्यामागं कोण बसायचं, तेवढं आधी बघा.

आणखी एकीला हे सांगायचं राहिलंय. हरणीला. माझ्यासमोर तिची पाठ असते, तिचं तोंड मी कधी धड पाहिलेलं नाही. पण इतकी वर्षं झाली, अजून खडीचा रस्ता आला की ती पाय जपून टाकते, वेग कमी करते. टांगेवाले म्हणतात घोडी म्हातारी झाली. मला माहीत आहे ती कशाला भिते. तिच्याच टापेचा टवका होता तो.

हरणे, तुझी चूक न्हवती गं. जागा माझी होती आणि मी तिथं न्हवतो. आता आहे. तू खुशाल पळ. खडी उडव, चिखल उडव, मागं बघू नकोस. त्या एका भोकातून जाईल तेवढा म्हाताऱ्यानं स्वतः मागून घेतलाय. बाकी सगळा माझा. शब्द देतो तुला.